पोटमाळ्यावर राहायचं, तर आधी हवा

दहा बाय बाराच्या खोलीत मुलांना अभ्यासाला जागा हवी, म्हणून पोटमाळ्यावरची अडगळ काढून आपण तिथे अंथरूण टाकतो. पण माळा सामानासाठी बांधलेला असतो. माणसांचा भार तो पेलेल का, हे आधी मिस्त्रीला दाखवा.

गरम हवा वर चढते, वरून पत्रा तापतो. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारला की ताप कमी होतो. नुसत्या पंख्याने तीच कोंदट हवा फिरते. समोरासमोर दोन झरोके ठेवा. ते भिंतीतच पाडा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं; तो कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते.

स्वयंपाकाचा धूरही वरच साचतो. टीबी हवेतून पसरतो, कोंदट जागेत जास्तच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

वायर पत्र्याला टेकू देऊ नका. माळ्याला कठडा आणि शिडीला धरायला दांडा हवाच. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांनी खालीच झोपावं.