दिवेलागणीचा रंग

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिवच्या शिवारात संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्यालाच खरे चित्र दिसते. दुपारच्या पंगती उठलेल्या असतात, आंबिलीची बिंदगी रिकामी झालेली असतात आणि कडब्याच्या कोपीवर ऊन उतरलेले असते. मग कोणीतरी कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा उचलतो आणि पोरे त्याच्यामागे बांधाबांधाने धावत सुटतात. पांढऱ्या सदऱ्याची हेंडग्याकडची बाजू केशरी होते आणि आभाळाकडची निळसर जांभळी. पाहता पाहता अंधार पडतो आणि निळा रंग जातो.

याच काही मिनिटांसाठी जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने दोन शरद ऋतू खर्ची घातले. जन्म फ्लॉरेन्सचा, आईवडील अमेरिकन. १८८४ साली पॅरिसमध्ये एका व्यक्तिचित्रावरून गदारोळ झाला आणि त्यानंतर तो इंग्लंडला आला. १८८५ मध्ये थेम्स नदीवर नावेतून फिरताना त्याला झाडांमध्ये टांगलेले कागदी चिनी कंदील आणि लिलीची फुले दिसली. त्यातूनच वूस्टरशायरमधल्या ब्रॉडवे या खेड्यात ‘कार्नेशन, लिली, लिली, रोज’ जन्माला आले. पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली बागेत उभ्या आहेत, उंच लिली त्यांच्या डोक्यावर गेल्या आहेत, आणि दोघी मान खाली घालून कंदील लावण्यात गढल्या आहेत. आकाश चित्रात कुठेच नाही. दिवाळीत आकाशकंदील लावणाऱ्या मराठी घराला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

पहिली मॉडेल होती पाच वर्षांची केट मिले, यजमान चित्रकाराची मुलगी. पुढे तिच्या जागी पॉली आणि डॉली बर्नार्ड आल्या, सात आणि अकरा वर्षांच्या. रोजचा क्रम ठरलेला असे. कॅनव्हास आधीच बागेत मांडून ठेवायचा, मुलींनी जागा घ्यायच्या, आणि बाकीची मंडळी टेनिस खेळत राहायची. हवा तो उजेड आला की सार्जंट रॅकेट टाकून धावायचा, काही मिनिटे झपाट्याने रंगवायचा आणि थांबायचा. सकाळी पाहावे तर आदल्या संध्याकाळचे काम खरवडून काढलेले! नोव्हेंबर लागला तेव्हा मुलींना झग्याखाली लोकरीचे कपडे घालावे लागले आणि सुकलेल्या गुलाबांच्या जागी कृत्रिम फुले बांधावी लागली. पुढच्या वर्षी त्याने लिलीचे कांदे आधीच पाठवून दिले आणि १८८६ च्या ऑक्टोबरअखेर चित्र पुरे केले. १८८७ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लागले आणि चँट्री निधीतून विकत घेतले गेले. आज पावणेदोन मीटर उंचीचा तो कॅनव्हास लंडनच्या टेट ब्रिटनकडे आहे.

त्यातले झगे पांढरे आहेत असे आपण म्हणतो खरे. चांगली छपाई घेऊन भिंगाखाली पाहावे. फिकट निळा, राखाडी, जांभळट सापडतो, कंदिलाजवळ पिवळट गुलाबी सापडतो, निव्वळ पांढरा मात्र शोधावा लागतो. कंदीलही नुसत्या पिवळ्याने पेटलेले नाहीत. भोवतीचा हिरवा थंड ठेवला आहे, म्हणून ते ऊबदार दिसतात.

मराठी माणसाकडे याच वेळेचे स्वतःचे चित्र आहे: सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, जे. जे. मध्ये शिकले, १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. इतकी ओळख पुरे; चित्राकडे वळू.

चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. प्रस्तुत लेखक ते पाहायला मुद्दाम गेला होता. अंधारलेल्या दालनात हाती दिवा धरलेली स्त्री उभी आहे. ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिने तळहात आडवा धरला आहे आणि बोटांच्या कडांतून उजेड तांबूस झिरपतो आहे. मागे दिवा लपवला असेल या शंकेने एक पाहुणा चौकटीच्या बाजूने वाकून पाहत होता. हे जलरंगातले काम आहे. तैलरंग सार्जंटसारखा खरवडता येतो. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो एकदा मळला की गेला. म्हणून सार्जंटवर जीव असूनही इथे झुकते माप हळदणकरांना द्यावे लागते.

चित्रासाठी उभी राहिलेली मुलगी त्यांचीच, गीता. दिवाळीत हातात समई घेतलेल्या मुलीला पाहून वडिलांना हे चित्र सुचले. गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात १०२ व्या वर्षी वारल्या. असे असताना हे चित्र अजूनही राजा रविवर्म्याच्या नावावर खपवले जाते, याचा राग येतो. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. घरात कॅलेंडरवर हे चित्र असेल तर खाली हळदणकरांचे नाव लिहून ठेवावे.

धाराशिवला तर विषयांची वाण नाही. नवरात्रात तुळजापुरातून ज्योत पेटवून घेऊन तरुण पायी धावत आपापल्या गावी जातात. आणि येळवस आहेच. मात्र अठराव्या अक्षांशावर संध्याकाळ इंग्लंडसारखी रेंगाळत नाही, झटकन विझते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी मुलांना बसवणाऱ्या इथल्या चित्रकला शिक्षकांनी यंदा त्यांना येळवशीला शिवारात न्यावे. कागद ताणून, पाणी भरून तयार ठेवावे आणि काळा रंग डबीतच राहू द्यावा. ज्वाळेपुरता कोरा कागद सोडून हेंडगा पेटण्याआधीच आभाळाचा हात मारून घ्यावा, नंतर वेळ मिळत नाही.