पीकरोग ओळखणारा संगणक : त्याच्या सल्ल्याची पारख

पिकावर रोग दिसताच त्याचे नेमके निदान होणे किती अगत्याचे असते, हे शेतकरी बांधवांस सांगावयास नको. सोयाबीनची पाने पिवळी पडली ती पिवळ्या मोझॅकमुळे की लोहाच्या कमतरतेमुळे, याचा उलगडा न करता बुरशीनाशक फवारले तर औषधाचा पैसा वाया जातो आणि रोग मोझॅकच असल्यास मधल्या आठ दिवसांत पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर पोचवते. प्रत्येक गावी रोगतज्ज्ञ जाऊ शकत नाही. म्हणून तज्ज्ञांचे ज्ञान संगणकात साठवून त्याच्याकडून निदान करून घेण्याचे प्रयत्न गेली चाळीसहून अधिक वर्षे चालू आहेत. अशा यंत्रणेस ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणाली म्हणतात. पानाचे छायाचित्र काढताच रोगाचे नाव सांगणारी मोबाईलवरील साधने ही तिचीच पुढची पिढी होय. हे साधन कशाच्या आधारावर बोलते व कोठे चुकते, हे जाणून घेतल्याखेरीज गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्याचा सल्ला शेतकऱ्यापुढे ठेवणे इष्ट नाही.

या बाबतीत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सोयाबीनवर झालेले काम फार उद्बोधक आहे. मिखाल्स्की व चिलॉस्की या संशोधकांनी ते १९८० मध्ये प्रसिद्ध केले. सोयाबीनचे १५ रोग त्यांनी निवडले. प्रत्येक रोगट झाडाविषयी ३५ बाबी टिपण्यात आल्या : महिना कोणता, पाऊस सरासरीपेक्षा कमी की जास्त, रोग सखल भागात की साऱ्या शेतात, मागील वर्षी तेथे कोणते पीक होते, पानावरील ठिपक्याभोवती पिवळे वलय आहे किंवा नाही, खोड, शेंग, दाणा व मुळे यांची स्थिती काय, इत्यादी. मग नियम दोन रीतींनी तयार केले. पहिल्या रीतीत तज्ज्ञास विचारून ‘जर अमुक लक्षणे, तर तमुक रोग’ असे नियम उतरवून घेतले. दुसऱ्या रीतीत, निदान निश्चित झालेल्या सुमारे ३०० झाडांच्या नोंदी देऊन नियम संगणकासच शोधावयास लावले. पुढे, नियम करताना न वापरलेल्या नोंदींवर दोहोंची परीक्षा घेतली. तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांनी शेकडा सुमारे ७२ झाडांचे निदान बरोबर केले. नोंदींवरून काढलेल्या नियमांनी शेकडा ९७ हून अधिक.

यावरून तज्ज्ञाचे ज्ञान उणे होते असा अर्थ कोणी काढू नये. बैल पारखणाऱ्या जाणत्या माणसास विचारून पाहावे. जनावर पाहताच तो त्याचे गुणदोष सांगेल. पण ते कशावरून ओळखले हे सांगू लागला की अर्धी गोष्ट राहून जाते. तज्ज्ञाच्या नजरेत असलेले सारेच त्याच्या शब्दांत उतरत नाही. ती उणीव शेतातील नीटस नोंदींनी भरून निघाली.

तथापि नोंदी पुष्कळ असल्या म्हणजे काम भागले असेही नाही. प्लांटव्हिलेज या संग्रहातील १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवरून शिकविलेल्या प्रणालीची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच संग्रहातून परीक्षेसाठी बाजूस ठेवलेल्या छायाचित्रांपैकी शेकडा ९९ हून अधिक तिने अचूक ओळखली. अन्य ठिकाणांहून, निराळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखविताच हे प्रमाण शेकडा ३१ च्या आसपास आले. कारण उघड आहे. संग्रहातील पाने तोडून साध्या, एकरंगी पृष्ठभागावर ठेवून टिपलेली होती. शेतातील पानावर धूळ असते, दव असते, मागे दहा पाने हलत असतात आणि कित्येकदा एकाच पानावर दोन रोग असतात. तेव्हा कोणी विक्रेता ‘आमचे साधन शेकडा नव्याण्णव अचूक’ असे सांगू लागला, तर परीक्षा कोणत्या शेतात घेतली, हे त्यास अवश्य विचारावे.

तिसरी अडचण काळाची. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली व लवकरच महाराष्ट्रातही आली. त्यापूर्वी आपल्याकडील किडींपुरता तयार केलेला ज्ञानसंग्रह या अळीस दुसऱ्याच एखाद्या अळीचे नाव देणार. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख कोणीतरी संग्रहात घालावी लागते. इलिनॉयच्या १५ रोगांतही आपला पिवळा मोझॅक नव्हता. म्हणून प्रत्येक नियमास तारीख असावी, तो ठरावीक काळाने तपासला जावा, आणि लक्षणे जुळत नसतील तेव्हा ‘निदान होत नाही, तज्ज्ञास दाखवा’ असे म्हणण्याची सोय प्रणालीत असावी. असे कधीच न म्हणणारे साधन आम्हांस तरी धोक्याचे वाटते.

कार्यकर्त्यांकडून येणाऱ्या माहितीचे मोल येथे आहे. साधनाने दिलेले निदान व कृषी विज्ञान केंद्रात झालेले निदान यांत फरक पडल्यास तो अवश्य कळवावा. सुधारणेस अशा चुकलेल्या नोंदीच अधिक उपयोगी पडतात. सोबत वाण, पेरणीची तारीख, बीजप्रक्रिया, मागील पीक, गेल्या पंधरवड्यातील पाऊस आणि रोगाची जागा (बांधालगत, सखल भागात की सर्वत्र) हे लिहावे. छायाचित्रे तीन काढावीत : एक पूर्ण झाडाचे, एक पानाच्या वरच्या बाजूचे व एक खालच्या बाजूचे. खालच्या बाजूचे बहुधा राहून जाते, आणि पांढरी माशी तेथेच बसलेली असते.