परसातील कोंबड्या आणि पायाखालची जमीन

नाशिक जिल्ह्यातील कळवण हा आदिवासीबहुल तालुका. गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसलेल्या या तालुक्यातील पाड्यापाड्यांवर घराच्या मागे कोंबड्यांचे खुराडे दिसते. आजारपण, वह्यापुस्तके किंवा बाजारहाट अशा अडीअडचणीच्या वेळी घरातील स्त्रीच्या हाती चार पैसे येतात ते याच कोंबड्यांमुळे. म्हणूनच पावसाळ्यात पिले दगावू लागली, की त्या घराचे नुकसान लहान राहत नाही.

खुराडे, खाद्य आणि लस यांकडे आता बरेच लक्ष दिले जाते. परंतु कोंबड्या ज्या जमिनीवर दिवसभर वावरतात, तिचा विचार क्वचितच होतो. कोंबडीचा स्वभाव उकरण्याचा. थोड्या जागेत अधिक पक्षी कोंडले, की काही आठवड्यांतच गवत नाहीसे होऊन जमीन उघडी पडते. मग पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि विष्ठा त्यात कालवली जाते. रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव वाढण्यास अशीच जागा अनुकूल असते. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेली या रोगाच्या परजीवींची सूक्ष्म बीजांडे, ओल व ऊब मिळताच, एकदोन दिवसांत रोगक्षम बनतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना त्यांचा धोका विशेष असतो. यास्तव जमीन कोरडी ठेवणे हा आवरणाचा पहिला हेतू होय.

कोरडे आवरण

खुराड्याच्या आत भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांची १० ते १५ सेंटिमीटर जाडीची गादी चांगली. बाहेरच्या आवारात मात्र तूस पावसाने वाहून जाते. तेथे मक्याच्या बुरकुंडांचे व कडब्याचे तुकडे, वाळलेला पाला असे जाडेभरडे साहित्य टिकते. भुईमुगाची टरफलेही चालतात. परंतु बुरशी आलेली टरफले कदापि वापरू नयेत. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी बुरशीयुक्त भुईमूग पेंडीतील विषामुळे मेले होते. कळवण भागात कांद्याची सालपटे व पात विपुल मिळते, तरी ती आवारात पसरू नये. ती लवकर कुजते आणि अधिक प्रमाणात खाल्ल्यास पक्ष्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय होतो.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर साहित्य दाबून हात उघडावा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, असे समजावे. ओला भाग काढून टाकून बाकीची गादी वरखाली करावी. डोळ्यांना झोंबणारा वास हीदेखील धोक्याची सूचना होय.

हिरवे आवरण

जागा असेल तर आवाराचे दोन भाग करून ते आळीपाळीने वापरावेत. हराळी तुडवण सोसते आणि माती धरून ठेवते. परंतु शेतात शिरली तर ती हटता हटत नाही, म्हणून बांधालगत लावू नये. चवळी व लसूणघास हा उत्तम चारा असला, तरी उकरण्यापुढे तो टिकत नाही. तो कुंपणाबाहेर लावून कापून घालणे बरे. नव्या गवताची मुळे घट्ट धरेपर्यंत त्यात कोंबड्या सोडू नयेत. गवत आखूड ठेवावे. उंच गवतात साप व मुंगूस दडतात.

तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस अधिक असतो. तेथे कोणतेही आवरण घालण्यापूर्वी उताराच्या वरच्या बाजूस चर खणून पाणी वळवावे आणि खुराड्याच्या दारापुढे मुरूम टाकून जागा उंच करावी. पाणी साचत राहिले, तर उत्तम गादीही कुजते.

आवरण हा लसीकरणाला पर्याय नव्हे. राणीखेत रोग विषाणूमुळे होतो. त्यासाठी लस वेळेवर टोचून घेतलीच पाहिजे. काढलेली गादी मात्र वाया जात नाही. ढीग करून कुजवल्यास ती शेताला उत्तम खत ठरते.

या कामास मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात असे एक लहानसे आवार तयार करून दाखविले, तर पाड्यावरील कुटुंबांना ते पावसाळ्यापूर्वीच पाहता येईल आणि आपल्या परसात तसे करून घेता येईल.