जुना अँड्रॉइड फोन खरोखरच ‘अद्ययावत’ असतो का?

घरात नवा फोन आला, की जुना हँडसेट आई-वडिलांकडे सोपवायचा, ही पद्धत आता बहुतेक मराठी घरांत रुळली आहे. संच सुस्थितीत असतो, पडदा शाबूत असतो, बॅटरीही दिवसभर तग धरते. मग त्याच फोनवर निवृत्तिवेतनाचा संदेश येतो, गॅसची नोंदणी होते आणि यूपीआयवरून वाणसामानाचे पैसेही दिले जातात. अशा फोनमध्ये सॉफ्टवेअर अपडेटची चौकशी केली, की ‘आपली प्रणाली अद्ययावत आहे’ असे दिलासा देणारे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. निर्मात्या कंपनीने या संचासाठी आणखी काही पाठवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीने तीन वर्षांपूर्वी हात आखडता घेतला असला, तरी फोन हेच उत्तर देत राहतो.

म्हणूनच पाहायची ती तारीख. ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट फोन’ या विभागात, काही संचांत ‘सिक्युरिटी’ या विभागात, ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ या नावापुढे ती दिलेली असते. प्रणालीतील ज्ञात त्रुटी कोणत्या महिन्यापर्यंत बुजवल्या आहेत, हे ती सांगते. या तारखेमागे इतिहास आहे. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघडकीस आली. एखादा घातक एमएमएस आला, तर तो उघडून न पाहताही फोनचा ताबा परक्याच्या हाती जाण्याचा धोका तिच्यामुळे निर्माण झाला होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दरमहा सुरक्षाविषयक पत्रक काढण्यास प्रारंभ केला. त्यात त्रुटींची यादी प्रसिद्ध होते. ती सर्वांसाठी खुली असते, अर्थात भामट्यांसाठीही. ज्या फोनची तारीख मागेच थांबली, त्याच्या कुलपातील दोष असे जाहीर झालेले असतात.

मग गुगल दुरुस्ती करत असताना ती जुन्या फोनपर्यंत का पोहोचत नाही? अँड्रॉइडची मूळ आज्ञावली गुगल खुली करते, परंतु ती जशीच्या तशी कोणत्याही संचावर चालत नाही. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या चिपसाठी ‘ड्रायव्हर’ तयार करावे लागतात. त्यावर हँडसेटची कंपनी स्वतःचा साज चढवते, चाचण्या घेते आणि मगच अपडेट ग्राहकाकडे येते. चिप कंपनीने जुन्या चिपकडे पाठ फिरवली, की पुढच्या दुव्याचे काम फार अवघड होते. त्यातच एकदा विकलेल्या स्वस्त फोनवर पुन्हा खर्च करण्याची हौस फार थोड्या कंपन्यांना असते, हेही सांगायला हवे.

या साखळीला वळसा घालण्याचा एक प्रयोग भारतातच झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांसह ‘अँड्रॉइड वन’ फोन बाजारात आणले. सहा-साडेसहा हजार रुपयांच्या या संचांचे अपडेट गुगल स्वतः पाठवणार होते. ४.४ आवृत्तीवर आलेले हे फोन ६.० पर्यंत पोहोचलेही. स्वस्त फोनसाठी ते नवलच होते. पुढे मात्र त्यांचीही वाटचाल थांबली. नंतर गुगलने रचनेतच बदल केले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये चिपशी निगडित भाग मूळ प्रणालीपासून वेगळा काढण्यात आला, तर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरच्या मार्गाने थेट सुधारता येऊ लागले. आपला फोन १० किंवा त्यापुढील आवृत्तीचा असेल, तर ‘गुगल प्ले सिस्टीम अपडेट’ हा पर्याय स्वतंत्रपणे तपासावा. अनेकांना तो ठाऊकच नसतो.

अपडेट उपलब्ध असल्यास आधी छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सॲपचे संभाषण अन्यत्र साठवून घ्यावे. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, वाय-फाय असावे आणि काही जीबी जागा मोकळी असावी. मध्येच फोन बंद करू नये. सुरक्षाविषयक दुरुस्ती आली तर ती बिनदिक्कत घ्यावी. संपूर्ण नवी आवृत्ती असेल आणि फोनची रॅम दोन जीबीच असेल, तर तो संथ होण्याची शक्यता असते व मागे परतणे सोपे नसते. तरीही पैशांचे व्यवहार त्याच फोनवर होत असतील, तर संथपणा पत्करलेला बरा, असे आमचे मत आहे. अपडेट म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल मात्र कदापि उघडू नये. वाहतूक चलन किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाखाली अशाच फाइल पाठवून खाती रिकामी केली जातात.

प्रणाली थांबली, तरी ॲप काही काळ सुधारत राहतात. पण तेही कायम नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ पूर्वीच्या फोनची साथ सोडली. २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरने ८ आणि ९ या आवृत्त्यांसाठी नवे बदल देणे थांबवले. ब्राउझरही गोठला, की त्या फोनवरून बँकेचे संकेतस्थळ उघडणे टाळणेच श्रेयस्कर.

काही हौशी तंत्रज्ञ ‘लिनिएजओएस’सारखी स्वतंत्र प्रणाली जुन्या संचांत बसवतात. हजारो तासांच्या विनामोबदला श्रमातून ती उभी राहिली आहे आणि तिच्यामुळे अनेक टाकाऊ फोन पुन्हा कामाला लागले आहेत. परंतु त्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते, त्यात फोनमधील सर्व माहिती पुसली जाते आणि बँकांचे बरेच ॲप नंतर चालण्यास नकार देतात. प्रत्येक मॉडेलसाठी ती उपलब्धही नसते. सर्वसामान्य वाचकाने या वाटेला जाण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

ज्या फोनची तारीख दोन-तीन वर्षे मागे थांबली आहे, त्यातील यूपीआय आणि बँकेची ॲप काढून टाकावीत. बँकेशी जोडलेले सिमही दुसऱ्या संचात घालावे, कारण ओटीपी त्यावरच येतो. गाणी, आकाशवाणी, गजर, नातवंडांशी व्हिडिओ कॉल यांसाठी तो खुशाल वापरावा. तो विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल, तर आधी ‘सेटिंग्ज’मधून गुगल खाते काढावे आणि मगच ‘फॅक्टरी रीसेट’ करावे. खाते तसेच ठेवून, विशेषतः बटणांच्या साहाय्याने रीसेट केल्यास, अँड्रॉइड ५.१ पासूनचे बहुतेक फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतात आणि घेणाऱ्याच्या हाती नुसते खोके उरते.