राखेतून उभी राहिलेली रोजी-रोटी
जावा बेटावरील मेरापी ज्वालामुखीची जीप-सफर : एका धंद्याची हकीकत

इंडोनेशियातील जावा हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. तरीही तेथे पंधरा कोटींहून अधिक लोक राहतात आणि त्यांतील बहुसंख्य मुसलमान आहेत. हे बेट ज्वालामुखींनीच घडविलेले आहे. त्यांच्या राखेने जमीन सुपीक केली, भात पिकला आणि वस्ती दाट झाली. मात्र ज्या डोंगराने पीक दिले, तोच अधूनमधून घर आणि गोठा घेऊन जातो.

अशाच एका डोंगराच्या उतारावर गेल्या दीड दशकात एक नवा धंदा उभा राहिला आहे. प्रवाशांना उघड्या जीपमध्ये बसवायचे, राखेच्या आणि दगडांच्या वाटांवरून फिरवायचे, उद्रेकाच्या खुणा दाखवायच्या आणि सुखरूप परत आणायचे. तेथे याला ‘लाव्हा टूर’ म्हणतात. हा धंदा सुरू करणाऱ्यांत ज्यांचे सर्वस्व त्या डोंगराने नेले असे गावकरीच पुढे होते. म्हणून आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी ही हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

डोंगर आणि त्याचा इतिहास

योग्यकार्ता शहराच्या उत्तरेस सुमारे २८ किलोमीटरवर मेरापी ज्वालामुखी आहे. उंची सुमारे २,९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पट. इंडोनेशियात सुमारे १३० जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांत मेरापी सर्वांत चपळ मानला जातो. १९३० च्या उद्रेकात तेराशेहून अधिक माणसे दगावली. १९९४ आणि २००६ मध्येही बळी गेले.

येथील खरा शत्रू वाहणारा लाव्हारस नव्हे. शिखरावर साठलेला चिकट रस ढासळतो आणि तापलेले वायू, राख व दगड यांचा लोट उतारावरून धावत सुटतो. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जातो. त्याच्यापुढे पळून सुटका होत नाही. जावातील लोक या लोटाला ‘वेडुस गेम्बेल’ म्हणतात. याचा अर्थ दाट लोकरीची मेंढी. दुरून पाहणाऱ्याला तो ढग तसाच दिसतो.

दुसरा धोका पावसाळ्यातला. उतारावर पडलेली राख आणि दगड पावसाच्या पाण्याबरोबर चिखल होऊन नद्यांतून खाली येतात. याला जावात ‘लाहार’ म्हणतात. हा शब्द आता जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

२०१० मध्ये काय झाले

२५ ऑक्टोबर २०१० रोजी सरकारी ज्वालामुखी केंद्राने इशारा सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या पातळीवर नेला आणि दहा किलोमीटरच्या आतील गावे रिकामी करण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी पहिला मोठा लोट आला. किनाहरेजो या गावात डोंगराचे परंपरागत राखणदार मानले जाणारे मरिजान राहत होते. सुलतानाने नेमलेल्या या ८३ वर्षांच्या वृद्धाने घर सोडण्यास नकार दिला. त्यांच्या शब्दाला गावात मान होता, त्यामुळे आणखी काही जण थांबले. मरिजान आणि त्या परिसरातील तीसच्या वर माणसे त्याच दिवशी मृत्युमुखी पडली.

सर्वांत भयंकर उद्रेक ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर झाला. धोक्याची हद्द वीस किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. एकंदर साडेतीनशेहून अधिक माणसे गेली आणि साडेतीन लाखांहून अधिक लोकांना घर सोडून छावण्यांत राहावे लागले. वेळेवर गावे हलविल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

या उतारावरील चांगक्रिंगान तालुक्याचा मुख्य धंदा दुधाचा. घरोघरी गाई होत्या. उद्रेकात हजारो गाई मेल्या, गवताची राने जळाली. सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात पुन्हा घर बांधण्यास मनाई झाली आणि सरकारने लोकांना खाली नव्या वसाहतीत पक्की घरे दिली. डोक्यावर छप्पर आले, पण गोठा, चारा आणि रोजचे दुधाचे पैसे गेले.

धंद्याची सुरुवात

उद्रेक थांबल्यावर जळालेली गावे पाहण्यासाठी बाहेरून लोक येऊ लागले. गावकऱ्यांनी आधी वाहनतळ केले, नाममात्र तिकीट लावले, चहा-कॉफीच्या टपऱ्या टाकल्या. तरुण पोरे मोटारसायकलवर मागे बसवून गिऱ्हाइकाला वरपर्यंत नेऊ लागली. पुढे जुन्या जीपगाड्या आल्या आणि काही वर्षांतच त्यांची संख्या शेकड्यांवर गेली.

भांडवल कोणते होते? जमीन राखेखाली, जनावरे मेलेली. हाताशी उरले होते ते वाटांचे ज्ञान. कोणता ओढा कोठे वळतो, कोणत्या चढावर गाडी घसरते, ढग कोणत्या बाजूने उतरतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. बाहेरच्या श्रीमंत कंपनीला गाड्या विकत घेता आल्या असत्या. ही माहिती विकत मिळाली नसती.

सफरीत काय दाखवितात

सफर पहाटे किंवा सकाळी करणे चांगले. दुपारकडे शिखर बहुधा ढगात जाते. मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने त्यातल्या त्यात बरे. एका जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी एक आणि मागे तीन असे चार जण बसतात. वर छप्पर नसते. डोक्याला हेल्मेट देतात. धुळीसाठी तोंडावर फडके बांधावे लागते.

भाडे माणशी नसून गाडीमागे असते, हे नवख्याने लक्षात ठेवावे. दीड तासाच्या लहान फेरीला अलीकडच्या काळात साधारण चार लाख रुपिया, म्हणजे आपले दोन हजारांच्या आसपास रुपये पडतात. तीन-चार तासांची लांब फेरी आणि पहाटेची सूर्योदयाची फेरी यांचे दर त्याहून चढे आहेत.

पहिला मुक्काम बहुधा पेतुंग येथील एका जळालेल्या घरात. गावकऱ्याने आपल्या घराचेच संग्रहालय केले आहे. त्याचे नाव ‘सिसा हार्ताकू’, म्हणजे ‘माझ्या मालमत्तेतले जे उरले ते’. आत गाईंचे सांगाडे, मोटारसायकलींचे लोखंडी सापळे, वितळलेल्या बाटल्या आणि भांडी आहेत. भिंतीवर एक घड्याळ आहे. उष्णतेने त्याची तबकडी वाकली आणि काटे त्या मध्यरात्रीच थांबले.

पुढे एक प्रचंड दगड दाखवितात. उद्रेकात तो वरून गडगडत आला. एका बाजूने पाहिल्यास माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, म्हणून प्रवाशांत त्याचे नाव ‘एलियन दगड’ पडले. गावकरी सांगतात की मूळ शब्द ‘आलिहान’, म्हणजे जागेवरून हललेला.

त्यानंतर कालिआदेमचे तळघर. जाड भिंतींचा आणि लोखंडी दाराचा हा निवारा अशा लोटापासून बचावासाठी बांधला होता. जून २००६ मध्ये दोन स्वयंसेवकांनी त्यात आसरा घेतला. तापलेल्या राखेने तळघर गाडले गेले आणि दोघेही आत मरण पावले. तेव्हापासून सर्वांना एक गोष्ट कळून चुकली : येथे लपून बचाव होत नाही, वेळेवर निघून जाणे हाच बचाव.

लांब फेरीचा शेवट बहुधा कुनिंग नदीच्या पात्रात होतो. ड्रायव्हर पाण्यातून वेगाने गाडी फिरवितो, तुषार उडतात आणि मंडळी ओलीचिंब होऊन हसतात. शेजारच्या गेंडोल नदीच्या पात्रातून वाळूचे ट्रक चालू असतात. मेरापीची काळी वाळू बांधकामाला उत्तम, त्यामुळे उद्रेकानंतर तिचाही मोठा व्यापार झाला. दुपारनंतर वेळ उरला तर प्रवासी योग्यकार्तामधील कोटागेडे भागात चांदीचे काम करणारे कारागीर पाहायला जातात किंवा बाटिकच्या कापडाची खरेदी करतात.

जीप आणि मिस्त्री

या सफरीतल्या गाड्या आपल्या मिस्त्री मंडळींना ओळखीच्या वाटतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विलीस जीप, टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझर, सुझुकीच्या जिमनी अशा त्या गाड्या. विलीस जीपचे आपल्याशी जुने नाते आहे. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली आणि पुढे तिने विलीस जीपची जुळणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

जावातील अनेक विलीस जीपचे इंजिन मूळचे राहिलेले नाही. त्यांच्यात टोयोटाच्या ‘किजांग’ गाडीचे इंजिन बसविलेले आढळते, कारण त्याचे सुटे भाग तेथे कोठेही आणि स्वस्तात मिळतात. आपल्याकडे २००० साली आलेली क्वालिस ही त्याच किजांगच्या घराण्यातली. बाहेरून जुनी जीप, आत नवे इंजिन, खाली मजबूत केलेले पाटे. हे काम स्थानिक गॅरेजमध्येच होते. राखेची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये जाते, पाण्यातल्या फेऱ्यांनी ब्रेक आणि बेअरिंग लवकर खराब होतात, खडकांवर टायर फाटतात. म्हणून जेथे जीप फिरतात तेथे मिस्त्री, वेल्डर, टायरवाला आणि सीट शिवणारा यांनाही काम मिळते. त्यांच्या जोडीला उतारावर पिकणारी कॉफी विकणारी टपरी आणि फोटो काढणारा पोरगा आहेच.

नंबर आणि हिशेब

एवढ्या गाड्या एका उतारावर आल्या म्हणजे गिऱ्हाइकासाठी ओढाताण होणारच. त्यावर तेथील लोकांनी उपाय काढला. जीपवाल्यांचे गट केले. प्रत्येक गटाचा एक तळ असतो, तेथे गाड्या ओळीने लागतात आणि ज्याचा नंबर असेल तो निघतो. फेरीचे प्रकार आणि दर तळावर ठरलेले असतात. गटांवर पुन्हा एक मोठी संघटना आहे. आपल्या रिक्षा-टॅक्सी स्टँडवर नंबर लावण्याची जी रीत आहे, तीच ही. दर पाडून दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्याला त्यामुळे आळा बसतो आणि एकच गाडी असलेल्या माणसालाही फेरी मिळते.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. पुष्कळ गिऱ्हाईक शहरातील ट्रॅव्हल एजंटांकडून येते आणि त्यांना कमिशन द्यावे लागते. काही ठिकाणी गाडीचा मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा असतो. तेथे ड्रायव्हरच्या वाट्याला फेरीमागे थोडीच रक्कम उरते. सुट्ट्यांत गर्दी आणि एरवी शुकशुकाट, हेही आहेच. २०२० च्या महामारीत सफरी बंद पडल्या तेव्हा अनेकांच्या घरातली आवक एकदम थांबली. ज्यांनी थोड्या गाई किंवा थोडी शेती धरून ठेवली होती, त्यांचे त्यातून निभावले.

धोका हाच माल, म्हणून जबाबदारी मोठी

या धंद्याची खरी परीक्षा वेगळीच आहे. गिऱ्हाईक येते ते धोक्याच्या ओढीने. त्यामुळे आणखी जवळ नेण्याचा, आणखी वेगाने चालविण्याचा मोह ड्रायव्हरला होतो. जीप उलटून अपघात झालेले आहेत. त्यानंतर पोलीस आणि वाहतूक खात्याकडून गाड्यांच्या तपासण्या होऊ लागल्या आणि हेल्मेटवर जोर दिला गेला.

डोंगराच्या बाबतीत मात्र शब्द ज्वालामुखी केंद्राचा. साध्या स्थितीपासून सर्वोच्च इशाऱ्यापर्यंत चार पातळ्या आहेत. ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे २०१० च्या त्या रात्रीला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, इशारा तिसऱ्या पातळीवर गेला आणि वरच्या ठिकाणांवर जाण्यास बंदी झाली. गिऱ्हाईक समोर उभे असताना आणि महामारीने घरात आधीच ओढगस्त असताना गाडी खालच्याच वाटेवर ठेवायची, हे सोपे नाही. पण शेजाऱ्याचा मान राखण्यासाठी थांबलेल्या माणसांचे काय झाले, हे या गावांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्यासाठी

आपल्यापैकी कोणाचा जावाला जाण्याचा योग आला तर जाण्याआधी इशाऱ्याची पातळी विचारावी, पहाटेची वेळ घ्यावी, भाडे गाडीमागे आहे याची तळावरच खात्री करावी आणि गावातल्या जीपवाल्याकडूनच फेरी घ्यावी. एजंटाला जाणारे कमिशन त्याच्या घरात राहील.

आणि जे गॅरेज, वाहतूक किंवा पर्यटनाच्या धंद्यात आहेत, त्यांनी या गावकऱ्यांच्या दोन सवयींकडे पाहावे. पहिली, ठरलेला दर आणि लावलेला नंबर, ज्यामुळे लहान माणसाची चूल पेटती राहते. दुसरी, धोक्याच्या दिवशी फेरी नाकारण्याची तयारी. त्या दिवशी दोन हजार रुपये बुडतात. पण खाली सुखरूप उतरलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी चार नवी गिऱ्हाइके पाठविते, हा हिशेब मेरापीच्या जीपवाल्याला आता पाठ झाला आहे.