प्रशिक्षणाला भाऊजी, खाद्य टाकायला ताई

मी गोरेगावहून तुमची गट समन्वयक बोलतेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या शेततळ्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडू लागले. तीन दिवस आभाळ भरलेलं. भूक लागली असेल म्हणून ताईंनी जास्तीचं खाद्य टाकलं. दुसऱ्या दिवशी निम्मे मासे मेले. प्रशिक्षणात यावर सांगितलं होतं. पण प्रशिक्षणाला गेले होते भाऊजी.

झालं काय? पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र मासे आणि शेवाळ दोघंही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ऊन नसेल तर आणखीच कमी. उरलेलं खाद्य कुजतं, तेही प्राणवायू खातं. अशा वेळी खाद्य आणि शेण बंद करायचं, ताजं पाणी सोडायचं, मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून पाडायचं.

अशी माहिती मिळते कुठे? जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि आपल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात. घरून विचारायचं तर किसान कॉल सेंटर आहे: 1800-180-1551. फोन फुकट, सकाळी 6 ते रात्री 10, आणि मराठीत बोलतात.

पण ऐकण्यापेक्षा बघितलेलं लक्षात राहतं. म्हणून गटाच्या बैठकीत ठराव घ्या आणि तळ्यावरच प्रात्यक्षिक मागा. खाद्य अंदाजाने न टाकता वजनावर कसं टाकायचं, ते करून दाखवायला सांगा. जाळ्यात थोडे मासे धरून वजन करतात, त्यावरून तळ्यातल्या सगळ्या माशांचा अंदाज काढतात. वाढत्या माशांना दिवसाला वजनाच्या साधारण 2 ते 3 टक्के खाद्य लागतं. म्हणजे 100 किलो मासे असतील तर 2 ते 3 किलो. हिशोब वहीत मांडा.

नवीन काही सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: खर्च किती? आपल्या पाण्यात चालेल का? बिघडलं तर कुणाला विचारायचं?

2020 च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. अर्ज बाईच्या नावाने असेल, तर प्रशिक्षणाचं बोलावणंही तिच्याच नावाने मागता येतं.

त्या ताई आता प्रशिक्षणाला स्वतः जातात. भाऊजी त्या दिवशी खाद्य टाकतात, वही बघून.