मासेमारी नौकेची सैरनौका: इंजिनाचा आणि डिझेलचा हिशेब

स्कॉटलंडमध्ये ओक-लार्चच्या लाकडाच्या जुन्या मासेमारी नौका घेऊन त्यांच्या सैरनौका करणारे हौशी लोक आहेत. त्यांची पहिली धास्ती इंजिनाची. पन्नास फुटी नौकेत मँचेस्टरचे आठ सिलिंडरचे गार्डनर, २३० अश्वशक्ती! हा राक्षस पोसायचा कसा? मग ते काढून धाकटे इंजिन बसवायचा बेत ठरतो. माझ्या मते हा बेत बहुधा आतबट्ट्याचा असतो.

मुळात एवढी शक्ती वेगासाठी नव्हतीच. तळाशी जाळे ओढताना नौका जेमतेम तीन-चार नॉटने सरकते, पण पंख्यावर प्रचंड भार असतो. जाळे गेले की ते काम संपले. आता वेगाचे पाहा. पाण्यालगतची लांबी ४५ फूट धरली, तर तिचे वर्गमूळ ६.७, त्याला १.३४ ने गुणले की ९ नॉट. जड नौकेची मर्यादा साधारण एवढीच, कारण पुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. म्हणून ९ ऐवजी ७ नॉटने गेलात तर निम्म्याहून कमी शक्ती पुरते आणि वेळ जास्त लागूनही मैलामागे चाळीसेक टक्के डिझेल वाचते. त्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही, हात आवरावा लागतो.

एक लिटर डिझेल सुमारे पाच अश्वशक्ती तासभर पुरवते. पन्नास लागल्या तर तासाला दहा लिटर, मग इंजिन थोरले असो की धाकटे. हौशी मालक वर्षाला शंभर तास फिरला तर हजार लिटर. धाकट्याने दहा टक्के वाचवले असे धरले, तरी शंभर लिटर! त्यासाठी इंजिन, गिअरबॉक्स, कदाचित शाफ्ट आणि पंखाही नवा घ्यायचा? शिवाय बर्फ, मासळी, जाळी गेल्यावर नौका आधीच वर उचललेली असते. जड इंजिनही काढले तर तळाशी तेवढे वजन पुन्हा भरावे लागते.

मोठे इंजिन सदैव हलक्या भारावर चालवले की सिलिंडरच्या भिंती चकाकतात, काजळी धरते, हे मात्र खरे. जुनी संथ इंजिने ते बरेच सोसतात, टर्बोवाली कमी. प्रत्येक फेरीत थोडा वेळ भार द्यावा.

खरा फटका कराचा. ब्रिटनमध्ये मच्छीमाराला डिझेलवरील करात सूट असते. खासगी नौकांना नौका चालवण्यासाठीच्या स्वस्त लाल डिझेलची सवलत १ नोव्हेंबर २००८ पासून उरली नाही. (आपल्याकडचा डिझेल परतावाही धंद्यालाच मिळतो, हौसेला नाही.) नौका घेण्यापूर्वी हजार लिटरचा हिशेब या भावाने मांडावा, मच्छीमाराने सांगितलेल्या भावाने नव्हे.